दूरस्थ शिकवताना शिक्षकाने स्वतःला कसं सांभाळावं: वेळ, फोन, आवाज, डोळे आणि मन

दूरस्थ शिकवण्याचा ताण तासिकेत थोडा आणि तासिकेच्या आगेमागे फार साठतो. चाळीस मिनिटांचा तास संपतो. पण त्याआधीची लिंक, नंतरची हजेरी, वह्यांचे फोटो, पालकांचे फोन, वर पाठवायचा अहवाल आणि त्याला जोडायचे स्क्रीनशॉट दिवसभर पाठ सोडत नाहीत. म्हणून या लेखाची सुरुवात प्राणायामाने केलेली नाही. प्राणायामाचा उपयोग आहेच. पण रात्री अकरापर्यंत फोन वाजत असेल, तर सकाळच्या दहा मिनिटांच्या ध्यानाने काही भागत नाही. आधी काम मोजायचं, मग ते जिथून घरात पसरतं त्या जागा बंद करायच्या आणि मग शरीराकडे व मनाकडे वळायचं. हा क्रम उलटा केला की शिक्षकाला वाटतं, आपणच कुठेतरी कमी पडतोय.

मार्च २०२० मध्ये कोविडमुळे महाराष्ट्रातल्या शाळा बंद झाल्या आणि ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ म्हणत शिक्षक फोनवरून शिकवू लागले. नववी ते बारावीचे वर्ग २३ नोव्हेंबर २०२० पासून टप्प्याटप्प्याने उघडले, लहानांना आणखी बरंच थांबावं लागलं. त्या काळात अनेकांनी दिवसा सर्वेक्षणाची ड्युटी केली आणि संध्याकाळी वर्ग घेतला. आता शाळा भरतात, तरी अतिवृष्टीची सुट्टी, ऑनलाइन शिकवण्या, परदेशातल्या शनिवार-रविवारच्या मराठी शाळा या निमित्तांनी स्क्रीनसमोरचं शिकवणं चालूच आहे. तेव्हा लागलेल्या सवयीही टिकून आहेत, विशेषतः व्हॉट्सॲप गटाच्या.

पहिलं काम: एक आठवडा वेळ मोजा

एक साधी वही घ्या. रोज पाच रकाने आखा: प्रत्यक्ष तास, तयारी, तपासणी, पालक-विद्यार्थ्यांशी बोलणं, अहवाल आणि माहिती भरणं. प्रत्येक काम संपलं की लगेच मिनिटं लिहा. रात्री आठवून लिहिलेले आकडे चुकतात, कारण पाच-पाच मिनिटांची उत्तरं लक्षात राहत नाहीत आणि खरा वेळ तर तिथेच जातो. संध्याकाळी सातनंतर केलेल्या कामाभोवती गोल करा. सोमवार ते रविवार अशी सात दिवसांची नोंद पुरेशी आहे.

रविवारी बेरीज करा. पहिली ते आठवीसाठी २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शिक्षकाने आठवड्याला किमान ४५ तास काम करावं असं म्हटलं आहे, आणि त्या ४५ तासांत तयारीचे तास धरलेले आहेत. हा ‘धरलेले आहेत’ भाग बहुतेकांना ठाऊकच नसतो. तुमची बेरीज ५५-६० च्या घरात गेली, तर तुम्ही हळू काम करता असा त्याचा अर्थ होत नाही. काम वेळेत न बसण्याइतकं वाढलंय, एवढाच होतो.

बेरजेत बहुधा दोन रकाने फुगलेले दिसतील: तपासणी आणि पालकांशी संपर्क. तिथूनच सुरुवात करू.

तपासणीचं गणित

सातवीच्या वर्गात ४८ मुलं आहेत असं धरा. प्रत्येकाने वहीच्या पानाचा फोटो पाठवला. तो उघडायचा, आडवा असेल तर फिरवायचा, मोठा करायचा, पेन्सिलीचं फिकट अक्षर लावायचं, चूक शोधायची, परत लिहून पाठवायची. एका मुलामागे तीन मिनिटं धरली तरी १४४ मिनिटं, म्हणजे जवळजवळ अडीच तास झाले. हे एका विषयाचं, एका दिवसाचं. शाळेत वह्यांचा गठ्ठा समोर असताना हेच काम निम्म्याहून कमी वेळात उरकतं, कारण तिथे पान उलटायला बोट पुरतं.

ते असं बदला. वर्गाचे चार गट करा, बारा-बारा मुलांचे. रोज एकाच गटाची वही बारकाईने तपासा. उरलेल्या तिन्ही गटांनी लिहायचं, पण फोटो पाठवायचा नाही. चार दिवसांत वर्ग पूर्ण होतो आणि रोजची तपासणी ३६ मिनिटांवर येते. त्या बारा वह्यांत सगळ्यात जास्त दिसलेल्या तीन चुका एका कागदावर लिहा आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गाला सांगा. त्या चुका बाकीच्या छत्तीस वह्यांतही असतातच. पाचवा दिवस गुगल फॉर्मवरच्या दहा प्रश्नांच्या चाचणीला ठेवा. ‘क्विझ’ची सोय चालू केली की पर्यायी प्रश्नांचे गुण आपोआप पडतात.

तपासणी शक्यतो संगणकावर करा. व्हॉट्सॲपमध्ये ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मधून तो जोडता येतो. मोठ्या पडद्यावर डोळेही कमी शिणतात. फोनच वापरायचा असेल, तर सेटिंगमध्ये फोटोंचं आपोआप डाउनलोड होणं आणि गॅलरीत दिसणं बंद करा. फोन भरून ऐन तासाला अडकतो तो याच फोटोंमुळे.

व्हॉट्सॲप गटाला वेळ लावा

गटाच्या सेटिंगमध्ये फक्त ॲडमिनला संदेश पाठवता येईल असं करा. गट सूचनांसाठी आणि शंकांसाठी वेगळा नंबर, ही विभागणी झाली की ‘गुड मॉर्निंग’पासून एकमेकांशी वादापर्यंतचं सगळं थांबतं. दुसरं सिम असेल तर त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस घ्या. ते फुकट आहे, त्यात कामाची वेळ लावता येते आणि त्या वेळेबाहेर आलेल्या संदेशाला आपोआप उत्तर जातं. दहा वेळा विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची तयार उत्तरंही त्यात साठवता येतात.

पहिला संदेश असा टाका, आणि महिन्याच्या पहिल्या तारखेला पुन्हा टाका:

“नमस्कार पालकहो. सातवीचा अभ्यास या गटावर रोज सकाळी ८ वाजता एकदाच येईल. शंका दुपारी ४ ते ५ या वेळेत दुसऱ्या नंबरावर विचाराव्यात, फोनही याच वेळेत करावा. ज्यांच्या घरी फोन संध्याकाळीच असतो त्यांच्यासाठी मंगळवारी आणि गुरुवारी ७.३० ते ८.१५ ही वेळ ठेवली आहे. इतर वेळी आलेल्या संदेशाचं उत्तर दुसऱ्या दिवशी मिळेल. काही तातडीचं असेल तर शाळेच्या कार्यालयात फोन करावा. गृहपाठाला उशीर झाला तरी चालेल, त्यावरून मुलाला रागावू नये.”

यातली मंगळवार-गुरुवारची ओळ गाळू नका. रिक्षा चालवणाऱ्या, बांधकामावर किंवा कंपनीत पाळीत काम करणाऱ्या बापाच्या खिशात घरातला एकुलता एक स्मार्टफोन असतो आणि तो सातनंतर घरी येतो. ‘पाचनंतर उत्तर नाही’ असा सरसकट नियम केला तर नेमकी ज्यांना गरज आहे तीच मुलं सुटतात, आणि मग ती बोच शिक्षकालाच लागते. संध्याकाळ द्या, पण ठरवून दोनच द्या, आणि त्यांच्या बदल्यात बुधवारी-शुक्रवारी पहिला तास उशिरा लावून घ्या.

नियम मोडतो कुठे? बहुतेक वेळा आपल्याच हातून. रात्री दहाला एका पालकाला ‘बरं, हरकत नाही’ एवढं उत्तर गेलं की दुसऱ्या दिवशी दहाला तिघांचे संदेश येतात. उत्तर सुचलंच तर लिहून ठेवा, पाठवा सकाळी.

महिला शिक्षकांना आणखी एक त्रास होतो: नंबर भलत्याच हातात जातो, अवेळी फोन येतात, तासाचं रेकॉर्डिंग फिरतं, अनोळखी माणूस लिंकवरून वर्गात शिरतो. लिंक फक्त बंद गटात टाका, वेटिंग रूम चालू ठेवा, मुलांची हजेरीतली नावं पाहूनच आत घ्या. काही घडलंच तर आधी स्क्रीनशॉट घ्या, वेळ लिहा, मग ब्लॉक करा. ब्लॉक करण्याच्या घाईत पुरावा हातातून जातो. मुख्याध्यापकांना लेखी कळवा, आणि प्रकार गंभीर असेल तर सायबर पोलिसांकडे जा. हे एकटीने गिळायचं प्रकरण नाही.

तासाची बांधणी

केंद्र सरकारने जुलै २०२० मध्ये काढलेल्या ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शक सूचनांत पहिली ते आठवीला दिवसाला ३० ते ४५ मिनिटांची जास्तीत जास्त दोन सत्रं आणि नववी ते बारावीला चार, अशी मर्यादा सुचवली होती. ती मुलांसाठी होती. शिक्षकासाठी अशी मर्यादा कुणी घातली नाही आणि काही शाळांनी एकाच शिक्षकाला सलग पाच-सहा तास दिले. दिवसाला तीन थेट तास आणि दोन तासांमध्ये किमान २० मिनिटं मोकळी, यापुढे वेळापत्रक जाऊ देऊ नये, असं आमचं ठाम मत आहे.

स्क्रीनवरच्या बैठका माणसाला का थकवतात, यावर स्टॅनफर्ड विद्यापीठाचे जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये चार कारणं मांडली: चेहरे फार जवळून आणि सतत समोर असणं, स्वतःचाच चेहरा सारखा दिसणं, एका जागी खिळून राहणं, आणि हावभाव ओळखायला-दाखवायला लागणारे जास्तीचे कष्ट. शिक्षकाला चौथं कारण उलट बाजूने छळतं. मुलांचे कॅमेरे बंद असतात, त्यामुळे कळलं की नाही हे कळत नाही आणि तो जास्त जोरात, जास्त वेळ बोलत राहतो.

पस्तीस मिनिटांचा तास असा पाडून पाहा. पहिली पाच मिनिटं हजेरी, पण नावं न पुकारता: एक सोपा प्रश्न द्या, ज्याचं उत्तर चॅटमध्ये आलं तो हजर. पुढची दहा मिनिटं शिकवा. मग सात मिनिटांचं काम वहीत द्या, तुमचा कॅमेरा बंद करा, उठा, पाणी प्या, खिडकीपर्यंत जा. ही सात मिनिटं तयारीत किंवा संदेश बघण्यात घालवली तर तिसऱ्या तासाला डोकं जड होतं. मग आठ मिनिटं उत्तरांवर चर्चा, आणि शेवटची पाच शंकांना. काही आवाज-बिवाज अडकला तरी याच पाचांतून वेळ निघतो. झूमची फुकट बैठक ४० मिनिटांनी तुटते, त्यामुळे हा साचा तिथेही बसतो.

मुलांचा प्रतिसाद मिळवायची एक चांगली रीत आहे. प्रश्न विचारा, सगळ्यांना उत्तर टाइप करायला सांगा, पण पाठवायचं नाही. अर्धा मिनिट थांबा. मग म्हणा, “आता पाठवा.” एकाच वेळी वीस-पंचवीस उत्तरं येतात, एकाचं बघून दुसरा लिहीत नाही, आणि कोण कुठे अडलंय ते एका नजरेत दिसतं. कॅमेऱ्यासाठी रोज चारच मुलांची पाळी लावा. सगळ्यांना लावायला सांगितलं तर डाटा संपतो, आणि एका खोलीत सहा माणसं राहणाऱ्या घरातल्या मुलाची कुचंबणा होते. स्वतःचा चेहरा झूममध्ये ‘हाइड सेल्फ व्ह्यू’ने लपवा.

नवा व्हिडिओ करण्याआधी बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड उघडून पाहा. तो ‘दीक्षा’ या सरकारी शिक्षण-मंचावर नेतो. पाठ्यपुस्तकाच्या पीडीएफ ई-बालभारतीवर आहेत. तिथे आहे तेच स्वतः करून त्याला पार्श्वसंगीत लावण्यात रात्री गेलेले शिक्षक पुष्कळ आहेत. तो वेळ मुलांशी बोलण्यात घालवला असता तर जास्त उपयोगी पडला असता.

आवाज

वर्गात मागच्या बाकापर्यंत आवाज पोहोचवायची सवय घरीही सुटत नाही. त्यात डोक्यावर पंखा घरघरत असेल तर आवाज नकळत आणखी चढतो. गोंगाटात माणूस चढ्या आवाजातच बोलतो. माइक असलेले साधे वायरचे इयरफोन घ्या, माइक ओठांच्या कोपऱ्यापासून तीन-चार बोटं लांब ठेवा, आणि एक कान मोकळा ठेवा म्हणजे स्वतःचा आवाज नीट ऐकू येतो. तास सुरू करण्याआधी घरातल्या दुसऱ्या फोनवरून वर्गात शिरून ऐका. तुम्हाला कुजबुजल्यासारखं वाटतं ते पलीकडे व्यवस्थित ऐकू जातं, हे एकदा कानांनी ऐकलं की ओरडणं आपोआप कमी होतं.

दर दहा मिनिटांनी पाण्याचे दोन घोट घ्या. खाकरू नका, त्याने स्वरतंतू एकमेकांवर जोरात आपटतात आणि पुन्हा खाकरावंसं वाटतं. त्याऐवजी आवंढा गिळा. बसलेल्या आवाजात कुजबुजणं म्हणजे विश्रांती नव्हे, त्यानेही घशाला ताण पडतो. दिवस संपल्यावर अर्ध्या पेल्या पाण्यात स्ट्रॉ दोन सेंटिमीटर बुडवा आणि ‘ऊ’ असा हलका आवाज काढत पाच मिनिटं बुडबुडे काढा, मध्ये हवा तेवढा दम घ्या. स्वरोपचारतज्ज्ञ हा व्यायाम देतात. गाल आणि मान सैल हवी. मानेच्या शिरा ताणल्या तर जोर जास्त लागतोय. घोगरेपणा तीन आठवड्यांवर टिकला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.

डोळे आणि मान

डोक्याचं वजन साडेचार-पाच किलो असतं. मान जितकी पुढे झुकते तितका मणक्यावरचा भार वाढतो. फोन मांडीवर किंवा टेबलावर आडवा ठेवून तास घेऊ नका. पाठ्यपुस्तकांचा गठ्ठा डोळ्यांच्या उंचीपर्यंत रचा, त्यावर फोन उभा टेकवा. हातभर अंतर ठेवा. खिडकी बाजूला हवी. पाठीमागे असली की तुमचा चेहरा काळा दिसतो, समोर असली की डोळे दिपतात. दर २० मिनिटांनी २० फूट, म्हणजे सहा मीटर, दूर २० सेकंद पाहा. स्क्रीनकडे पाहताना पापण्या कमी लवतात, म्हणून डोळे कोरडे पडून चुरचुरतात. त्या २० सेकंदांत मुद्दाम पापण्या मिटा-उघडा.

घर

घरी आहे म्हणजे मोकळी आहे, असं घरच्यांना वाटतं. हे बाईंच्या वाट्याला सरांपेक्षा कितीतरी जास्त येतं, आणि ते बोलल्याशिवाय बदलत नाही. रविवारी सगळ्यांनी बसून आठवड्याचा तक्ता करा: कोणता फोन कुणाकडे, कधी, तुमच्या तासाच्या वेळी स्वयंपाक, दार, कुरिअर, लहान मूल कोण बघणार. तक्ता फ्रिजवर नाव घालून लावा. ‘मदत कर’ म्हणण्यापेक्षा ‘दहा ते पावणेअकरा दार तू बघायचंस’ हे जास्त चालतं.

न पोचणाऱ्या मुलांची बोच

पटावर चाळीस आणि लिंकवर अठरा, हे रोज पाहणारा शिक्षक आतून खचतो. ही भावना प्रामाणिक आहे, तिला ‘जाऊ द्या हो’ म्हणून गप्प करू नये. तिला काम द्यावं. वर्गाची यादी तीन भागांत करा: लिंकवर येणारे, फक्त संदेश बघणारे, कशातच नसणारे. तिसऱ्या यादीतल्या पाच मुलांना रोज साधा फोन करा, प्रत्येकी चार मिनिटं. अभ्यास शेवटी विचारा. आधी जेवलास का, घरी कोण आहे, कामाला जातोस का हे विचारा. त्यांच्यासाठी आठवड्याचा कागद शाळेत, ग्रामपंचायतीत किंवा वस्तीतल्या एखाद्या मोठ्या मुलाकडे ठेवा. २०२० मध्ये पालघरच्या पाड्यांवर लाउडस्पीकरवरून धडे ऐकवले गेले, सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही अभ्यासाची मालिका लागायची; इंटरनेट नाही तिथे रस्ते असे निघाले. रोजची वीस मिनिटं ठरलेली असली की उरलेला दिवस अपराधी वाटून जात नाही.

मुख्याध्यापकांनी करायचं ते

वरचं बरंचसं शिक्षकाच्या हातात आहे, पण सगळं नाही. तासिका तत्त्वावर किंवा विनाअनुदानित शाळेत काम करणाऱ्याला ‘नाही’ म्हणणं परवडत नाही. म्हणून हे शाळेने ठरवायचं. प्रत्येक तासाचा स्क्रीनशॉट मागणं बंद करा. त्यातून शिकवलं की नाही ते कळतच नाही. रोजच्या अहवालाऐवजी शुक्रवारी एक शीट भरून घ्या, आणि वरून ‘तातडीने’ आलेली माहिती शाळेच्या दप्तरात असेल तर ती शिक्षकाला पुन्हा मागू नका. संध्याकाळी सहानंतर बैठक नको. डाटाचा खर्च द्या. शिक्षकांच्या गटात कामाची सूचना वेगळी आणि वाढदिवस वेगळे ठेवा. एक शिक्षक आजारी पडला तर त्याचा तास कोण घेणार, हे महिन्याच्या सुरुवातीलाच लिहून ठेवा. नाहीतर ताप अंगावर काढून तास घेतले जातात.

शिक्षकांनी या मागण्या एकेकट्याने करू नयेत. चार-पाच जणांच्या वेळेच्या नोंदी एकत्र करा, बेरीज मांडा, सभेत लेखी द्या. ‘फार ताण येतो’ या वाक्याला उत्तर मिळत नाही. ‘तपासणीला आठवड्याला १२ तास लागतात, त्यातले ८ रात्रीचे आहेत’ याला द्यावंच लागतं.

थकवा कुठवर, आजार कुठून

कामाने करपून जाण्याची तीन लक्षणं मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मास्लॅक यांनी नोंदवली आहेत: भावनिक दृष्ट्या पार रिकामं वाटणं, माणसांबद्दल कोरडेपणा येणं, आणि आपल्या हातून काही साधत नाही असं वाटणं. शिक्षकात दुसरं लक्षण लवकर ओळखता येतं. मुलाने शंका विचारली की कुतूहलाऐवजी चीड येते, नाव आठवायचाही कंटाळा येतो. जागतिक आरोग्य संघटना याला आजार म्हणत नाही, कामाच्या परिस्थितीतून येणारी अवस्था म्हणते. त्यामुळे उपाय कामात शोधायचा: आठवडाभर थेट तास कमी, रात्रीचा फोन बंद, तपासणी सहकाऱ्याकडे.

मात्र सलग दोन आठवडे बहुतेक दिवस मन उदास असेल, आवडीच्या गोष्टीतही रस वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, सुट्टीतही बरं वाटत नसेल, तर ते नुसत्या थकव्यापलीकडचं असू शकतं. डॉक्टरांना भेटा, जिल्हा रुग्णालयातही मानसोपचाराची सोय असते. सरकारची ‘टेली मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. जगणं नको असा विचार आला तर वाट पाहू नका, त्याच दिवशी फोन करा आणि घरातल्या एका माणसाला सांगून जवळ बसवा. सहकारी असं काही बोलला तर उपदेश न करता त्याच्यासोबत थांबा आणि नंबर तुम्ही लावून द्या.

तीन आठवड्यांनी पुन्हा मोजा

हे सगळं एकदम करू नका. पहिल्या आठवड्यात मोजणी आणि गटाची सेटिंग, दुसऱ्यात तपासणीचे चार गट, तिसऱ्यात तासाची नवी बांधणी. मग तीच वही काढून आणखी सात दिवस लिहा आणि दोन्ही बेरजा शेजारी-शेजारी मांडा. मंगळवार-गुरुवारची ठरलेली वेळ सोडून संध्याकाळी सातनंतरचे गोल रोज अर्ध्या तासाच्या आत आले असतील तर तसंच चालू ठेवा. आले नसतील तर कोणता रकाना हलला नाही ते पाहा. तो बहुधा अहवालाचा असतो, आणि तो तुमच्या एकट्याच्या हातात नसतो. ते पान मुख्याध्यापकांसमोर ठेवा आणि विचारा: “यातलं कोणतं काम थांबवू?”